शेवटचा रकाना

रविवारी दुपारी आई
बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्यापुढे पालथा करते:
एकतीस वर्षांच्या पगारचिठ्ठ्या, पेन्शन खात्याची पत्रं,
कधीतरी चुकून आत गेलेलं एक निळं बटण.
"सांग आता," म्हणते, "केव्हा सोडू?"

बाहेर बीझ सुटलाय. जिनिव्हात हा वारा
सरोवर उचलून काठावरच्या बाकांवर फेकतो
आणि तिथेच गोठवून ठेवतो.
आमच्या खिडकीतून ट्रामचा डेपो दिसतो.
सरोवर आईनं पाहिलंय ते मादाम दुवाझांच्या काचा पुसताना.
थेंबे थेंबे तळे साचे, खरंच आहे;
थेंब कुणाचे, ते तळ्याला विचारायचं नाही.

मी लॅपटॉप उघडते, रकाने आखते.
सरकारी पेन्शन. मग कंपनीची. कंपनी कसली,
चार घरं, चार किल्ल्या, त्यातली दोन घरं
कितीतरी वर्षं तिला कागदावर आणायलाच तयार नव्हती.
ती वर्षं कोष्टकात पांढरी राहतात.
गुडघ्यांनी ती मोजली आहेत.

वर्षभर आधी सोडलं तर दरमहा कात्री,
आणि ती कात्री मरेपर्यंत चालते.
विमा. औषधं. गावच्या घराचं छप्पर,
ब्रागांसाच्या पलीकडे, बाबांनी बावीस ऑगस्ट खपून बांधलेलं,
एका सुट्टीत एक भिंत, एखाद्या सुट्टीत नुसतीच पायरी.
बाबा तिथे आधीच जाऊन बसलेत.
गवंड्यांना इथे साठीला सोडता येतं, तोवर पाठ राहिली तर.
रोज संध्याकाळी फोन: "आमान्दियू बोलतोय,"
जणू दुसरं कुणी असतं.
"ऑक्टोबरचे चेस्टनट अजून संपले नाहीत, देओलिंदा.
एकटा किती खाऊ?"

सगळे आकडे बसतात. एक रकाना उरतो.
तो भरल्याशिवाय उत्तर येत नाही.
"त्यात काय लिहायचं असतं?"
मी स्क्रीन थोडी माझ्याकडे वळवते.
"म्हणजे... पैसे किती वर्षं लागतील, ते."
"मरणाचं वय ना? मग लिही की.
माझी आई ब्याण्णवला गेली, तीही पडली म्हणून."

ब्याण्णव लिहिते. पैसे एक्क्याऐंशीला संपतात.
एक्क्याऐंशी लिहिलं की जमतं, अगदी फ्रँकला फ्रँक.
आई खांद्यावरून वाकते,
भाजीवाल्याशी घासाघीस करताना काढते तो आवाज काढून:
"आणि अजून दोन वर्षं काचा पुसल्या तर?"
"तर शहाऐंशी."
दोन देऊन पाच. सौदा वाईट नाही.
कुणाशी झाला, तेवढं कळत नाही.

मग तिच्या काय मनात येतं,
"मादामचं काढ."
"तिचं आपल्याला काय ठाऊक?"
"कागद टेबलावर पडलेले असतात. टेबल कोण पुसतं?"
ती आकडा सांगते. मी शून्यं मोजून मोजून टाकते.
खर्च सढळ धरते: तीन घरं, एक घोडा, घोड्याचा डॉक्टर.
वय ब्याण्णव. वय दोनशे. वय हजार.
पैसे संपत नाहीत, ओळीगणिक वाढतच जातात,
मावेनासे झाले की रकान्यात नुसत्या फुल्या उमटतात.
मी शेवटचा रकाना पुसून टाकते. काहीही बिघडत नाही.
तिच्या हिशेबाला तिच्या मरणाची गरजच नाही.

"बिचारी," आई म्हणते.
थट्टा आहे का, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नाही.
मादामचं घर वर्षातले नऊ महिने बंद;
चोरांना माणसं वाटावीत म्हणून दिवे आपोआप लागतात, विझतात,
आणि दर मंगळवारी आई
कुणी न झोपलेल्या चादरी बदलून येते.

"माझाही पूस."
"चालणार नाही, आई. उत्तर येणार नाही."
"पूस म्हटलं ना."
पुसते. लाल अक्षरं: त्रुटी.
"बघ, त्यालाही माहीत नाही,"
आणि ती कागद डब्यात भरू लागते, बटण सगळ्यांत वर.

झाकण दाबता दाबता, पाठमोरी:
"शुक्रवारची बस अजून स्टेशनमागूनच सुटते ना?
ऑक्टोबरचं बघ. जायचं.
यायचं...
यायचं नंतर बघू."