की

सावद्याच्या केळीगोदामात, रात्री दहाला,
दिल्लीहून फोन: बावन्न नंबरचा लॉट काळा पडलाय.
कुणाचा?

नाव दिलं तर आकडे लगेच.
नारखेडे म्हटलं, की सहा, अकरा, चाळीस.
उलट विचारावं तर मुकाट.
चाचणीला तीच रांग पुन्हा टाइप केली,
तेच आकडे, तोच क्रम,
यंत्र म्हणालं, ही ती नव्हे,
ही तू आत्ता मांडलीस.

मग एकेका नावाच्या आत वाकून बघायचं.
नारखेडे की भिरूड की झांबरे की बोंडे.
कोडातली की म्हणजे किल्ली,
माझ्या तोंडातली की म्हणजे
अजून माहीत नाही.

भिरूडांपाशी बावन्न निघाला.
शोध थांबला. तो पहिल्यावरच थांबतो.
मी फोन उचलला,
तर सुपडू हमाल सुतळी गुंडाळत म्हणाला,
"ताई, बावन्न तं झांबरेचाबी व्हता.
चिठ्ठी भिजली, मीच दुसरी लावली."

फोन ठेवला.
शोध खोडून तिथं चाळण लिहिली.
दोन नावं खाली पडली,
बांधाला बांध लागून असलेली.

सुपडूनं दिवा मालवला नाही.