डागडुजी

घोडपदेवच्या गल्लीत, गॅरेजच्या मागे,
माझ्या टेबलावर पडलंय रेड्याचं मुंडकं.
टांगानिकाचा रेडा, छप्पन साली मारलेला.
नाकपुडीला भेग, डावा डोळा गळालेला,
शिंगांच्या बुडाशी कसरीनं केलेली चाळण.

पेडर रोडवरून टेम्पोतून आलंय, गादीत गुंडाळून.
बरोबर भाऊ-बहीण, रितेन आणि झंखना.
आजोबांची लवंगेची पेढी होती झांझिबारला.
‘सरळ अंगावर आला,’ रितेन सांगतो,
‘वीस पावलांवर होता. आजोबा हलले नाहीत.’
दर दिवाळीला फराळाबरोबर
हीही गोष्ट वाढत असतील त्यांच्याकडे.

झंखना म्हणते, शिवू नका, जाळून टाकू.
तो म्हणतो, मी जूनमध्ये जातोय, परवाना काढलाय.
म्हातारा नर, कळपानं हाकललेला;
त्याच्या पैशात पाच रखवालदारांचा वर्षाचा पगार निघतो.
शिकारी गेले की रानही जातं, मका येतो.
ती म्हणते, मग नुसते पैसे पाठव. बंदूक कशाला?
तो म्हणतो, तू पाठवलेस कधी?

मी सुई ओवत राहतो.
माझ्याकडे मत मागायला कोणी येत नाही.
डोळे मागायला येतात,
काचेचे, तपकिरी, अठ्ठावीस नंबर.

लाडक्या खाली बसून जुना भुसा चाळतोय,
तोंडाला फडकं, कारण आत सोमल असतो.
आरेतल्या पाड्यावरचा पोरगा.
गेल्या आठवड्यात बिबट्यानं त्याची गाभण शेळी नेली.
पंचनामा झाला. कारकून म्हणाला, फोटो कुठाय?
शेळीचा. शेळी असतानाचा.
लाडक्याकडे बहिणीच्या लग्नातला एक आहे,
वऱ्हाडाच्या मागे, कोपऱ्यात, शेळीचे दोन कान.
तोच लावलाय अर्जाला.

फडकं खाली ओढून तो विचारतो,
‘मटण कुणाला मिळालं?’
दोघं थांबतात.
‘याचं. सहाशे किलो तरी असेल.’
‘आता गावाला देतात,’ रितेन म्हणतो, ‘तसा नियम आहे.’
‘आणि तेव्हा?’
माहीत नाही.
‘आणि यानं कुणाचं शेत खाल्लं, तर?’
झंखना फोन काढते. बघून सांगते, म्हणते.
‘बिबट्याला मारा असं मी म्हणत नाही,’ लाडक्या म्हणतो,
‘आम्ही त्याला शेंदूर लावतो.
पण देवाचा खर्च सगळ्या गावानं करायचा असतो ना, शेठ?
एकट्या पाड्यानं किती करायचा?’
आणि फडकं वर घेऊन पुन्हा चाळायला लागतो.

कातडं ओलं करून मी मऊ करत आणलं,
तर उजव्या कानामागे बोट आत गेलं.
प्लास्टरनं बुजवलेलं भोक, वरून काजळी फासलेली.
कपाळ पाहिलं. कपाळ साफ.
चाळीस वर्षं हेच काम केलंय मी;
समोरून येणाऱ्याला गोळी कुठे लागते
ते माझ्या बोटांना ठाऊक आहे.

‘हे भरू?’ एवढंच विचारलं.
रितेन बराच वेळ वाकून बघत राहिला.
‘जाळायचं नाही आता,’ झंखना म्हणाली, ‘आणि भरायचंही नाही.’
तो म्हणाला, ‘घरी विचारून कळवतो.’
डोळ्यांच्या डब्याखाली हजार रुपये ठेवून
दोघं वेगवेगळ्या टॅक्सीनं गेले.

सहा वाजता लाडक्यानं हात दोनदा साबणानं धुतले,
रेड्यावर गोणपाट टाकलं, दिवा मालवला.
गोणपाट आखूड पडलं.
कान तेवढे बाहेर राहिले.