ऑर्गनवरचा आरसा

माझी पाठ असते सगळ्यांकडे,
म्हणून ऑर्गनवर हा आरसा,
कुणाच्या तरी मोडीत निघालेल्या ट्रकचा.
न्यूफाउंडलंडच्या या टोकावरचं अख्खं चर्च
मला त्यात उलटं दिसतं.

आज तिसऱ्या बाकावर
खेकड्यांच्या कारखान्यातला नवा पोरगा, माकुर.
त्याला कुणी सांगितलंच नाही
की ती जागा हेस्टर कीपिंगच्या नवऱ्याची,
अकरा वर्षं समुद्रात असलेल्या.

हेस्टर आली. बूट आपटून बर्फ झाडला.
मी तेच कडवं पुन्हा वाजवलं,
मग आणखी एकदा.

'सरक जरा,' ती म्हणाली,
आणि गुडघ्यांखालची उशी त्याच्याकडे ढकलली.
तिनेच भरलेली: निळ्या लोकरीची होडी,
शिडाचा एक कोपरा राहून गेलेला.

प्रभूची प्रार्थना त्याने दिंका भाषेत म्हटली.
ती आमच्याहून लांब निघाली.
आम्ही आमेनच्या अलीकडे थांबलो,
पाद्रीणबाईसुद्धा,
फेरी बोटीसाठी धक्क्यावर थांबतो तसे.

नंतर तळघरात चहा.
चौथा चमचा साखर घातली म्हणून
हेस्टर त्याच्यावर खेकसली.
पुष्कळ दिवसांनी
तिचा तो आवाज ऐकला.