पाठकोऱ्या पावत्या

सावद्याच्या धरमकाट्यावर बसतो मी,
केळीचे ट्रक मोजतो.
चुकलेल्या पावत्या, मागून कोऱ्या,
दाभणाने शिवल्या. वही झाली.

चैत्रातलं पान: कलिंदर तडवीचा हात.
अंगठा जमला नाही.
खाली माझंच अक्षर, 'भेंडी आलीय.'
पुढच्या पानावर, पुन्हा भेंडी.
मग केळीचा चीक सांडला.
तो डाग काही जात नाही,
त्याला दोन काठ काढून
तापी केली.

आज काटा बंद, म्हणून चाळत बसलो,
तर कुठल्याशा मंगळवारी
शेहेचाळीस अंशांत,
साडेनऊ टनांच्या मागे
अंगठा आलेला.
मला तेव्हा कळलंही नव्हतं.

कलिंदरला दाखवला.
बराच वेळ त्याने स्वतःचा हात
पानाशेजारी धरला.
"नख राह्यलं ना, भो."