काळी वायर आधी

रविवार, सकाळचे सात, मांजलपूर.
सोसायटीत अजून फाफड्यांच्या पुड्या सुटायच्या आहेत.
यांची दहेजला नाईट. दहाला येतील, येऊन झोपतील.
आज वॅगनारचं ऑइल बदलायचंय.

उघड्यावर चार मिनिटं इंजिन चालू ठेवलं, मग बंद.
तेल कोमट झालं की धावतं,
उकळलं की सूड घेतं.
हे दाऊदभाईंचं. मकरपुऱ्याला त्यांचं गॅरेज,
आणि उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत
गुलाबी, चकचकीत, केस न उगवणारी कातडी.
रेडिएटरचं झाकण. ब्याण्णव साल. गिऱ्हाइकाची घाई.
"वाफ जिरल्याशिवाय कुकर उघडतेस का, बेन?"
नाही उघडत.
"मग हाही कुकरच समज."

हँडब्रेक. पहिला गिअर.
मागच्या चाकांना लाकडाच्या पाचरी.
जॅक उचलतो, पण धरून ठेवत नाही,
म्हणून खाली दोन लोखंडी घोड्या.
विटा नाहीत. विटांवर चूल मांडावी,
जीव मांडू नये.
गाडी घोड्यांवर बसली की कमरेनं एकदा ढकलून बघते,
हलली नाही, तरच पुढचं.

मग चहाची बशी, कुंडीच्या कठड्यावर.
उजव्या हातातल्या सहा,
डाव्यातल्या सात (एक कासारणीची, हट्टानं चढवलेली).
अंगठी, साबण लावून.
शेवटी मंगळसूत्र.
अंगठी दोन टोकांना एकदम शिवली
तर बोटाला घेऊन तापते.
पोत पट्ट्यात अडकली
तर पट्टा विचारायला थांबत नाही.
दहाचा पाना.
काळी वायर आधी, मग लाल.
आता पंखा आपल्या मनानं फिरायचा नाही.

गाडीखालून जग चपलांएवढं दिसतं.
दूधवाल्याचे बूट गेले.
कुणाच्या तरी नव्या सँडल, लंगडत.
मग निळ्या पट्ट्याच्या स्लिपर, भेगाळल्या टाचा,
रमीलाबेन,
आणि त्या बशीपाशी येऊन थांबल्या.

थांबल्याच.

"शुं थयुं?" आवाज इतका बारीक
की मला आधी वाटलं, पाना घासला.
"दहेजथी फोन आव्यो?"

मी सरपटत बाहेर. हात कोपरापर्यंत काळे.
"अहो नाही, नाही! बॅटरीसाठी काढलंय सगळं.
शॉक बसू नये म्हणून."

त्या हसल्या. मग हसणं मधेच सोडून
पायरीवर बसल्या.
आठ वर्षांपूर्वी त्यांच्या बांगड्या उतरवल्या
तेव्हा बशी मीच धरली होती. ह्याच सेटमधली.
हे आम्हा दोघींना एकदमच आठवलं असणार,
कारण दोघीही कुंडीकडे बघायला लागलो.

मग त्यांनी पदर खोचला.
"मारे तो कंई काढवानुं नथी," म्हणाल्या,
"लाव, बॅटरी हुं पकडुं."
म्हणजे टॉर्च.

नटाचा शेवटचा आटा. तेल सुटलं,
आधी काळा दोर, मग दोरा, मग थेंब थेंब थेंब.
त्यांचा हात हलला नाही.
जुना वॉशर टाकला, नवा घातला.
फिल्टरच्या रबराला नवं तेल लावायचं होतं,
ते रमीलाबेननी करंगळीनं लावलं,
टाळूवर लावावं इतक्या हळू.
फिल्टर हातानंच आवळायचा. पान्यानं नाही.
गाडी उतरवली. तीन लिटरला थोडं कमी.
पट्टी पहिल्यांदा खोटं बोलते;
पुसून परत बुडवली, तेव्हा
दोन खुणांच्या मधे, शहाण्यासारखी.

जुनं तेल कॅनमध्ये, दाऊदभाईंसाठी.
गटारात नाही. गटार विश्वामित्रीला जातं,
आणि मगरींनी आपलं काय वाकडं केलंय?

लाल आधी. काळी शेवटी.
चावी फिरवली. डॅशबोर्डवरची लाल किटली
दोन क्षण पेटून विझली.
दोघी वाकून खाली बघितलं. कोरडं.

चिंधीनं पुसले तरी हात तेलकटच होते.
बांगड्या सरसर चढल्या, सातवीसुद्धा.
रमीलाबेन बघत होत्या. करंगळी
त्यांनी पुसलीच नव्हती.
"एमनुं स्कूटर," म्हणाल्या, "जिन्याखाली आहे.
झाकलेलं.
त्याचं तेल कुणी बघितलंच नाही इतक्या दिवसांत."
जरा थांबून म्हणाल्या,
"चावी आहे माझ्याकडे."