मागची खोली

ग्रिम्सबीत मागची खोली भाड्यानं द्यायची
तर आता माणसाकडे नीट बघावं लागतं.
तसं छापलंच आहे पत्रकात:
मूळ कागद हातात घ्या, माणसाला समोर उभं करा,
फोटो आणि चेहरा ताडून पाहा.
प्रत काढा. तारीख घाला. जपून ठेवा.
चुकलात तर दंड, आणि तो माझ्या पेन्शनीत मावत नाही.

मी ऑड्री पिंडर. शाळेच्या भटारखान्यात एकतीस वर्षं.
ताट पुढं आलं की वाटाणे वाढायचे,
एवढाच नियम होता तिथं.

तेस्फालेम आला तेव्हा त्याला खिडकीशी उभं केलं.
कपाळावर वण होता, तो फोटोत नव्हता.
विचारलं तर म्हणाला, फोटो आधीचा आहे.
कशाच्या आधीचा, ते मी विचारलं नाही,
पत्रकात तो रकाना नव्हता.
चाळीस वर्षांच्या संसारात
रॉनच्या तोंडाकडेसुद्धा मी इतका वेळ बघितलं नसेल.

रात्रपाळीला मासे सोलायचा, गोदीवरच्या कारखान्यात.
पहाटे परतला की बूट मागच्या दाराबाहेरच काढायचा,
घरात वास नको म्हणून.
मला काय त्या वासाचं!
माझं लग्नच त्या वासाशी लागलं होतं.

त्याच्या कागदाची प्रत ठेवली ड्रॉवरमध्ये,
रॉनच्या लोकरी मोज्यांवर.
एकदा वादळात त्याची बोट आइसलंडच्या खाडीत शिरली,
तिथं कुण्या बाईनं त्याला दिलेले ते मोजे.
तिचं नाव त्याला कधी सांगता आलं नाही.
तिनंही त्याचं विचारलं नव्हतं म्हणे.

कॅलेंडरवर त्या महिन्यात तीन खुणा होत्या:
दाताचा डॉक्टर, कचऱ्याची हिरवी पेटी,
आणि चौदा तारखेला नुसतं एक टी.
चौदा उलटली.
तो म्हणाला, अर्ज केलाय, पत्र येईल.
रोज दारात पडणारी टपालं आम्ही दोघंही बघायचो,
तो उभ्यानं, मी चष्मा शोधत.

बाविसाव्या दिवशी मी फोन केला.
आधी बराच वेळ पियानो वाजत राहिला.
मग एक पोरगा आला लाइनीवर, आवाजानं गोड.
नाव सांगताना मी एकेक अक्षर सोडवून दिलं:
टी टेबलचा, ई एडवर्डचा, एस सँडविचचा...
शाळेत डब्यांवर नावं घालायचे, तशीच, काळजीपूर्वक.
तो म्हणाला, तुम्ही अगदी योग्य केलंत, मिसेस पिंडर.
कुणी असं म्हटलं की बरं वाटतं.
वाटलंही. चहा होईपर्यंत.

ते आले पहाटे, चौघं.
पायपुसण्याला पाय पुसून आत आले.
एकानं दोन चमचे साखर मागितली.
स्वयंपाकघरात आम्ही पाच जण बसलो,
जसं कुणाचा वाढदिवस असावा
आणि ज्याचा आहे त्याला अजून ठाऊक नसावं.

मग मागच्या अंगणात आधी डावा बूट वाजला,
थोड्या वेळानं उजवा.

मी एकच वाक्य बोलले.
म्हटलं, त्याचे बूट बाहेर आहेत,
घालू द्या त्याला.
तेवढं त्यांनी ऐकलं.

पत्र पुढं आलं का? लोक विचारतात.
आलं, तेही सरकारीच.
दंड माफ, असं होतं त्यात, माझा.

खोली दोन महिने रिकामी राहिली.
काल एक मुलगी आली बघायला, शेजारच्या क्लीथॉर्प्सची,
बोलणं थेट माझ्या बहिणीसारखं.
पासपोर्ट मागितला तर हसायलाच लागली:
अहो, मी तर इथल्याच इस्पितळात जन्मले,
माझी आजी तुमच्या हातचे वाटाणे वाढायची पुढच्या टेबलावर!

माहीत आहे गं, मी म्हटलं.
तरी पण ये. जरा खिडकीशी उभी राहा.
नाही, तशी नाही,
इकडं तोंड कर.