कारणाचा रकाना

माझं काम आग विझल्यावर सुरू होतं.
बूट, टॉर्च, मोजपट्टी आणि विमा कंपनीचा फॉर्म,
ज्यात सातव्या ओळीत एक अरुंद रकाना आहे:
कारण.

एकतीस वर्षं तो भरतोय.
कळमन्यात मिरची, हिंगण्याला रबर,
इतवारीतलं सरकीचं गोदाम, जिथे तिसऱ्या दिवशीही
राखेत हात घातला तर ऊब लागायची,
झोपलेल्या जनावराच्या पोटासारखी.

मंगळवारी उमरेड रोडला कोळशाचा ढीग.
कोळसा आपला आपणच पेटतो म्हटलं की लोक हसतात.
पण पेटतो.
ओला रचला, उंच रचला,
भाव चढेल म्हणून महिनोन्महिने विकलाच नाही,
की आतल्या आत तापत जातो.
काडी लावायला कुणी यावं लागत नाही.

चिंतलवारांनी खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला.
"आपोआप लिहाल, तर पॉलिसीत बसत नाही सर.
कुणीतरी लावली, असं लिहा. बसते."
शेजारच्या डेपोवाल्याचं नाव त्यांनी घेतलं नाही,
नुसतं त्या बाजूला पाहिलं.
तोवर डेपोचा रात्रपाळीचा माणूस पोलिसांनी उचललाच होता,
झनकलाल उइके. खिशात आगपेटी सापडली.
बिडी ओढणाराच्या खिशात
दुसरं काय सापडणार?

येताना दिघोरी नाक्यावर चहाला थांबलो.
टपरीच्या टीव्हीवर एका बंदरात जहाज जळत होतं,
फार लांब कुठेतरी.
त्यात काय भरलं होतं, कुणी सांगेना.
कुणी भरलं, तेही नाही.
धूर अजून निघत होता
आणि खालच्या पट्टीवर शत्रूचं नाव आलंसुद्धा.

मी मनातल्या मनात फॉर्म काढला.
माल किती दिवस पडून होता? हवा कुठून येत होती?
विमा कितीचा? कधी वाढवला?
त्या खाडीतलं तेल उद्यापासून कोण मोजणार?
टीव्हीवरच्या एकाच्याही बुटाला राख नव्हती.

"हाणाच लागते बे त्यायले," परसराम गाळणी आपटत म्हणाला,
"किती दिवस सहन करा लागते आपल्याले?"
त्याला कुणी काय केलं होतं, मी विचारलं नाही.
बाकावरचा पोरगा मोबाइलवर शेअर बघत होता,
तोफगोळ्यांच्या कंपनीचा.
"सकाळपासून अकरा टक्के, काका."
पाऊस किती मिलिमीटर झाला सांगावा, तसं.
भाऊ तिथेच लेथवर आहे त्याचा, ओव्हरटाइम लागलाय,
बहिणीचं लग्न उरकेल आता.
वाईट माणसं नव्हती ती.
मीही दुसरा चहा घेतला.

घरी जाताना झिरो माइलच्या खांबाला वळसा पडतो.
म्हणे इथून सगळं मोजायचे.
त्या बंदराचं अंतर त्यावर नाही.
घोडे मात्र केव्हाचे तयारीत उभे.

सरकीच्या गोदामाच्या वेळी
मी लिहिलं होतं: अज्ञात इसम.
दोनच शब्द. मालक खूश, कंपनी मुकाट, मुलीची फी भरली गेली.
चौथ्या दिवशी त्या अज्ञात इसमाला चेहरा मिळाला,
मग आडनाव, मग गल्ली, मग त्याच गल्लीतलं दुकान,
आणि दुकानाला आग.
ती मोजायलाही मीच गेलो.
कारण शोधायला वेळ लागला नाही,
माझ्याच अक्षरात होतं.

आज लिहिलं: कोळसा. आतून.
फोन थरथरतोय, चिंतलवार असतील.
एक प्रत सकाळी झनकलालच्या वकिलाला द्यायची आहे.

जहाजाचा फॉर्म कुणाच्या टेबलावर गेलाय, कळत नाही.
बातम्यांत म्हणाले, चौकशी होईल,
नक्की होईल,
विमानं परत आल्यावर.